घरी कळेल का? होस्टेलवाल्यांची पत्रं आणि त्यांना उत्तरं

ऑगस्ट-सप्टेंबर आला की या सदराला येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. ॲडमिशन झालेली असते, गादी-बादली-हँगर घेऊन पोरंपोरी होस्टेलला पोचलेली असतात आणि पहिला महिना संपता संपता पत्रं यायला लागतात. यावेळी सात निवडलीत. विषय वेगवेगळे आहेत पण बहुतेकांच्या मागे एकच काळजी आहे, ताई, घरी कळणार नाही ना. मी १४ वर्षं कॅम्पसवर काउन्सेलर म्हणून काम केलंय आणि समोरच्या खुर्चीतून हेच वाक्य सगळ्यात जास्त वेळा ऐकलंय, म्हणून काही उत्तरं लांबलीत. नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

प्रश्न : मी जालना जिल्ह्यातून पुण्याला एमएस्सीला आलोय. दीड महिना झाला, रात्री तीन-चारपर्यंत झोप लागत नाही, सकाळचं लेक्चर बुडतं, पुस्तक उघडलं की छातीत धडधडतं. मित्र म्हणतो काउन्सेलरकडे जा. पण तिथे गेलो तर रेकॉर्ड राहील, उद्या नोकरीच्या वेळी निघेल, आणि वडिलांना कळलं तर म्हणतील आम्ही उसनवारी करून शिकवतोय आणि तुला वेड लागलं का. काय करू?

उत्तर : जा. उद्याच जा. आता भीतीचं बोलू.

तू १८ च्या पुढचा आहेस, त्यामुळे तू काउन्सेलरशी काय बोललास ते तुझ्या परवानगीशिवाय वडिलांना, एचओडींना, रेक्टरला कुणालाच सांगायचं नसतं. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये कलम २३ आहे, उपचार घेणाऱ्याची माहिती गुप्त ठेवायची हे त्यात स्पष्ट लिहिलंय. अपवाद आहे, तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं दिसलं तर जेवढ्यास तेवढं सांगता येतं, आणि चांगला काउन्सेलर हे पहिल्या भेटीतच स्वतःहून सांगतो. त्याने नाही सांगितलं तर तू विचार, "मी इथे बोललेलं कुणाकुणाला कळतं?" हे विचारणं उद्धटपणा अजिबात नाही. मार्कशीटवर, टीसीवर, कॅरेक्टर सर्टिफिकेटवर यातलं काही येत नाही, इतक्या वर्षांत मी एकदाही आलेलं बघितलेलं नाही.

दुसरं म्हणजे तिथे नेमकं काय होतं हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून पाय उचलत नाही. साधी खोली असते, दोन खुर्च्या, पाण्याचा ग्लास. पाऊण-एक तास बोलायचं असतं. औषध काउन्सेलर देत नाही, ते सायकियाट्रिस्टचं म्हणजे एमबीबीएसनंतर त्या विषयात शिकलेल्या डॉक्टरचं काम, आणि गरज वाटली तरच तिकडे पाठवतात. सुरुवात कशी करायची याची धास्ती वाटत असेल तर हे पत्रच मोबाईलवर दाखव, फार नेमकं लिहिलंयस, झोप, लेक्चर, छातीतली धडधड, अर्धं काम झालेलंच आहे.

कॅम्पसवर काउन्सेलर नाही किंवा तारीख पंधरा दिवसांनी मिळतेय असं झालं तर टेली-मानस आहे, नंबर १४४१६, केंद्र सरकारची सेवा, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, फुकट आहे, रात्री तीनलाही लागते आणि मराठीत बोलता येतं. नाव सांगायची जबरदस्ती नाही. आणि काउन्सेलर नसणं हे कॉलेजने खपवून न्यायची गोष्ट राहिलेली नाहीये, २५ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित काउन्सेलर, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवाच, आणि टेली-मानससारखे हेल्पलाईन नंबर होस्टेलमध्ये, वर्गात, वेबसाईटवर मोठ्या अक्षरात लावलेले हवेत. तुमच्या होस्टेलच्या नोटीस बोर्डवर आहे का बघ. नसेल तर चार मित्रांच्या सह्या घेऊन प्राचार्यांना अर्ज द्या.

वडिलांचं. उसनवारी करून पोराला एमएस्सीला पाठवणारा माणूस पोराची झोप उडालीय हे ऐकून आधी घाबरतो आणि मग घाबरल्यामुळे ओरडतो, हे मी खूपदा बघितलंय. आज सांगायलाच हवं असं काही नाही. थोडी झोप यायला लागली की मग सांग, तेव्हा तुलाही बोलायला बळ असेल.

प्रश्न : माझा रूममेट दोन आठवडे मेसला येत नाहीये. परवा रात्री म्हणाला, "मी नसतो तर सगळ्यांचं बरं झालं असतं." नंतर मला शपथ घातली की कुणाला सांगायचं नाही. त्याने त्याचा कॅल्क्युलेटर आणि इअरफोन मला देऊन टाकलेत. मी शपथ मोडली तर तो माझ्याशी कायमचं बोलणं टाकेल.

उत्तर : शपथ मोड. हे मासिक हातात पडेपर्यंत थांबायचं नव्हतं म्हणून तुला मी त्याच दिवशी फोन केला होता, इथे छापतेय ते बाकीच्यांसाठी.

माणूस असं बोलतो, जेवण सोडतो, वस्तू वाटायला लागतो, तेव्हा ते गंभीरच धरायचं. थेट विचारायचं, "तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतोय का?" विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येतो हा समज चुकीचा आहे, उलट कुणीतरी नीट विचारलं की माणूस मोकळा व्हायची शक्यता वाढते. उत्तर हो असेल तर उपदेश नको, आईवडिलांचं काय होईल हे तर नकोच नको, त्या ओझ्याखालीच तो बसलेला असतो. ऐकायचं, शेजारी बसायचं, त्या रात्री त्याला एकटं सोडायचं नाही, आणि रेक्टर किंवा विश्वासातल्या सरांना उठवायचं, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी. लगेचचा धोका दिसत असेल तर ११२ किंवा ॲम्ब्युलन्ससाठी १०८. तुला स्वतःला काय बोलावं सुचत नसेल तर १४४१६ ला तू फोन कर, मित्रासाठी केलेला फोनही ते घेतात.

पोलीस केस होईल या भीतीने पोरं दवाखान्यात न्यायला उशीर करतात आणि त्या उशिराने जीव जातात, म्हणून हे ठळकपणे सांगते. २०१७ च्याच कायद्याचं कलम ११५ सांगतं की जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस प्रचंड ताणाखाली होता असं धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही, उपचार द्यायचे. असा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुन्या दंडसंहितेतलं ३०९ कलम १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत ठेवलेलंच नाही.

तुझा मित्र सध्या तुझ्याशी बोलत नाहीये. पण तो आहे, आणि उपचार घेतोय. तू बरोबर वागलास. आता तू स्वतःही एकदा काउन्सेलरकडे जाऊन ये, दोन आठवडे तू हे एकट्याने उचललेलं आहेस.

प्रश्न : मी पीएचडी करतेय. गाईड रात्री अकरानंतर व्हॉट्सॲप करतात, आधी कामाचं असायचं, आता "काय घातलंयस", "एकटी आहेस का" असं. उत्तर दिलं नाही की दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये सगळ्यांसमोर अपमान. तक्रार केली तर थिसिसवर सही कोण करणार? आणि घरच्यांना कळलं तर ते शिक्षण बंद करून लग्न लावतील.

उत्तर : हा लैंगिक छळच आहे. त्यांनी हात लावलेला नाही म्हणून तू पत्रात तीनदा "कदाचित मीच जास्त विचार करतेय" असं लिहिलंयस, ते मी छापलेलं नाही कारण ते खरं नाहीये.

प्रत्येक विद्यापीठात आणि कॉलेजात अंतर्गत समिती असावीच लागते, कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे आणि त्यावर यूजीसीचे म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे खास नियम आहेत. अध्यक्ष वरिष्ठ महिला प्राध्यापक असते, एक सदस्य संस्थेच्या बाहेरचा असतो, आणि प्रकरणात विद्यार्थी असतील तर तीन विद्यार्थी प्रतिनिधीसुद्धा समितीत बसतात. तक्रार लेखी द्यायची, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत, अशा घटना लागोपाठ झालेल्या असतील तर शेवटच्या घटनेपासून धरतात, आणि सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. लिहायला जमत नसेल तर समितीने मदत करायची असते. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते.

थिसिसचं सांगते, कारण तुझा जीव तिथे अडकलाय. चौकशी चालू असताना त्या माणसाने तुझ्या कामाचं मूल्यमापन करू नये, तुझ्यापासून लांब राहावं, अशी मागणी तुला करता येते, यूजीसीच्या नियमांत हे आहे. म्हणजे दुसरा गाईड मागणं हा तुझा हक्क आहे. तक्रारीच्या अर्जातच शेवटी हे लिही, वेगळा अर्ज नंतर देऊ म्हणून थांबू नकोस.

आज रात्री करायचं काम : एकही मेसेज डिलीट करू नकोस. तारीख-वेळ-नंबर दिसेल असे स्क्रीनशॉट काढ, चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःच्या ईमेलला पाठव, विद्यापीठाच्या ईमेलला नको. एका वहीत तारखेप्रमाणे लिहून काढ, त्या दिवशी लॅबमध्ये कोण कोण होतं ते सुद्धा. एक मैत्रीण विश्वासात घे.

आणि घरचं. तक्रारदाराचं नाव, चौकशीतलं काहीही बाहेर फोडायला २०१३ च्या कायद्याच्या कलम १६ ने बंदी आहे, तू सज्ञान आहेस, समिती तुझ्या घरी पत्र पाठवत नाही. समितीसमोर पहिल्याच दिवशी सांग की पत्रव्यवहार फक्त माझ्या ईमेलवर करा, घरच्या पत्त्यावर नको. समितीत त्याच गाईडच्या मर्जीतली माणसं असतील ही शंका तुझी रास्त आहे, असं होतं, अशावेळी बाहेरच्या सदस्याला थेट गाठायचं आणि आक्षेप लेखी द्यायचा. समितीशिवाय पोलिसांकडे जायचा रस्ताही खुला आहे, आणि एफआयआर कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही.

मुलगे विचारतात म्हणून, यूजीसीच्या २०१५ च्या नियमांनी मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थी यांनाही त्रास होऊ शकतो हे मान्य केलंय. त्यांनीही समितीचं दार वाजवावं.

प्रश्न : मुलगा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, होस्टेलला आहे. सिनिअर रात्री बाराला उठवून "इंट्रो" घेतात, उभं करून ठेवतात, कपडे धुवायला लावतात. तो म्हणतो आई तू मध्ये पडू नकोस, सगळ्यांचंच होतं. मी काय करू? – एक आई, सोलापूर

उत्तर : याला रॅगिंग म्हणतात आणि आपल्या महाराष्ट्रात १९९९ पासून त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, आणि दोषी ठरलेल्या मुलाला काढून टाकलं की पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश नाही. यूजीसीचे २००९ चे नियम त्याच्याही पुढे जातात, नेमकं कुणी केलं ते सापडलं नाही तर सगळ्या गटाला शिक्षा करता येते. ॲडमिशनच्या वेळी तुमच्याकडून आणि त्याच्याकडून रॅगिंगविरोधी हमीपत्र भरून घेतलं असेल, तसंच त्या सिनिअर मुलांनीही दिलेलं आहे.

हेल्पलाईन १८००-१८०-५५२२, दिवसरात्र चालू असते. तुम्हीही तक्रार करू शकता, आणि नाव उघड न करता करता येते. फोन केल्यावर तक्रारीचा नंबर लिहून घ्या, पुढे पाठपुरावा त्यावरच होतो.

पण फोन करायच्या आधी मुलाला सांगा. त्याच्या नकळत केलंत तर पुढच्या वेळी तो तुम्हाला काहीच सांगणार नाही. "तू नाव देऊ नकोस, मी आई म्हणून करते, पहिल्या वर्षाच्या सगळ्यांसाठी करते" एवढं बोला. मारहाण, कपडे काढायला लावणं, दारू पाजणं यातलं काही असेल तर मात्र त्याच्या हो म्हणण्याची वाट बघू नका, त्याच रात्री ११२ ला फोन करा आणि सकाळी पहिल्या एसटीने तिथे पोचा.

प्रश्न : आरोग्य फी म्हणून दरवर्षी पैसे घेतात, हेल्थ सेंटरला गेलं की पॅरासिटामॉल देऊन पाठवतात. मग जायचं कशाला? मेडिकलमधून गोळी आणलेली काय वाईट?

उत्तर : ताप असताना मेडिकलमधून आणलेली गोळी वाईट ठरू शकते. पावसाळ्यात आणि नंतरही डेंग्यू असतो, आणि अंग दुखतंय म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा ॲस्पिरिन घेतली तर रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो. तुझ्या सेंटरने पॅरासिटामॉलच दिली ती म्हणूनच. फक्त त्यासोबत विचारायचं, "एनएस-१ आणि सीबीसी करू का?" (पहिली डेंग्यूची रक्ततपासणी, दुसरी रक्तपेशी मोजायची). एनएस-१ ची तपासणी पहिल्या पाचेक दिवसांत जास्त उपयोगाची असते. आणि ताप उतरला की सुटलो असं समजू नकोस, डेंग्यूत ताप उतरतानाचे एक-दोन दिवसच जपायचे, पोट जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, गुंगी यातलं काही दिसलं की थेट हॉस्पिटल.

पाण्याबद्दल मी जरा कडक आहे. मी स्वतः होस्टेलला असताना मला कावीळ झाली होती, घरी कळू नये म्हणून तीन आठवडे लिंबूपाणी आणि मैत्रिणींच्या सल्ल्यावर काढले, शेवटी वर्गात चक्कर येऊन पडले आणि मग वडील रात्रीच्या गाडीने आले. एकाच टाकीचं पाणी पिणाऱ्या आणखी सहा मुली आजारी होत्या आणि आम्ही सगळ्या आपापल्या खोलीत लपवत होतो. एकीने जरी हेल्थ सेंटरला सांगितलं असतं तर टाकी तेव्हाच धुतली गेली असती. पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याकडे जीबीएसचे म्हणजे गिलन-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे पेशंट वाढले तेव्हाही पाण्यावरच बोट गेलं होतं. म्हणून एका मजल्यावर दोघांना जुलाब किंवा कावीळ झाली की ते सेंटरच्या रजिस्टरला जाऊ दे. आरोग्य फीचा हा मोठा उपयोग आहे. दुसरं, विद्यार्थी अपघात विमा आहे का ते ऑफिसात विचार, बऱ्याच ठिकाणी असतो आणि मुलांना पत्ताच नसतो.

प्रश्न : अभ्यासिकेतून रात्री अकराला होस्टेलला यायचा रस्ता अंधारा आहे.

उत्तर : खांबावर नंबर रंगवलेला असतो, तो लिहून इस्टेट विभागाला आणि सुरक्षा अधिकाऱ्यांना मेल कर, "अमुक नंबरचा दिवा बंद" असं लिहिलं की लवकर हलतं, नुसतं "अंधार आहे" लिहिलं की नाही. तोवर गेटवरच्या सिक्युरिटीला सोबत यायला सांग, त्यात संकोच नको. फोनच्या सेटिंगमध्ये इमर्जन्सी एसओएस आत्ता चालू कर, पॉवर बटण किती वेळा दाबायचं ते तिथेच दिसेल. हा रस्ता नीट व्हायला हवा, मुलींनी आठला आत यायचं हा त्यावरचा उपाय नाही, असं मेलमध्ये लिहायला विसरू नकोस.

प्रश्न : मुलगी एमएसला अमेरिकेला निघालीय. युनिव्हर्सिटीचं हेल्थ सेंटर, इन्शुरन्स, कशाचंच काही कळत नाही. ती आजारी पडली किंवा मनाने खचली तर युनिव्हर्सिटी आम्हाला कळवेल ना? – आई-बाबा, नाशिक

उत्तर : साधारणपणे नाही कळवणार. तिकडच्या कायद्याने कॉलेजात गेलेल्या मुलीच्या नोंदी तिच्या मालकीच्या, तिच्या संमतीशिवाय देत नाहीत. जिवाचा धोका असेल तर कळवू शकतात, म्हणून इमर्जन्सी काँटॅक्टमध्ये तुमचे नंबर आणि जमलं तर तिकडच्या एखाद्या नातेवाइकाचा नंबर तिला भरायला सांगा.

निघण्याआधी लसीकरणाचं जुनं कार्ड शोधा, गोवर-गालगुंड-रुबेलाच्या म्हणजे एमएमआरच्या दोन डोसचा पुरावा बहुतेक ठिकाणी मागतात, कार्ड हरवलं असेल तर आत्ताच डॉक्टरांना भेटा. तिची नेहमीची औषधं प्रिस्क्रिप्शनसकट द्या. इन्शुरन्स बहुतेक युनिव्हर्सिटी सक्तीचा करतात, तो स्वस्तातला घ्यायच्या आधी मानसिक आरोग्य आणि आधीचे आजार त्यात धरलेत का ते वाचा. साध्या आजाराला आधी कॅम्पसचं हेल्थ सेंटर, ते बंद असेल तर अर्जंट केअर, आणि खरोखर जिवावरचं असेल तेव्हा इमर्जन्सी रूम, कारण तिथलं बिल फार मोठं येतं. तातडीला ९११, मनाच्या संकटाला ९८८, हा नंबर जुलै २०२२ पासून आहे. कॅम्पसवर किती आणि कसले गुन्हे घडले याचा अहवाल तिथल्या युनिव्हर्सिटींना १९९० च्या क्लेरी कायद्यामुळे दरवर्षी जाहीर करावा लागतो, तिच्या युनिव्हर्सिटीचा वेबसाईटवर मिळेल, दोघांनी बसून वाचा.

पण तुम्हाला कळायचा खरा रस्ता म्हणजे तीच. फोनवर पहिला प्रश्न असाइनमेंटचा आणि दुसरा नोकरीचा असं दोन महिने चाललं की मुलं "सगळं ठीक" म्हणायला शिकतात. आज काय जेवलीस, रूममेटचं नाव काय, बर्फात बूट ओले होतात का, असलं बोला. आणि एखाद्या दिवशी ती म्हणाली "आई, मी काउन्सेलरकडे जाऊन आले", तर "का गं, काय झालं तुला" हे लगेच नको. "बरं वाटलं का जाऊन?" एवढंच विचारा आणि थोडा वेळ गप्प बसा, पुढचं ती सांगेल.